सातवोचं तोंड

फॉस्टिनने भर दुपारी, मालवणजवळच्या कट्टा गावात, बसथांब्यासमोर, माणसं बघत असताना कोयत्याने एका माणसाचं तोंड कापून काढलं. तोंड फ्लेक्सवरचं होतं हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही पोलिसांना फोन लावाल. पण ज्या त्वेषाने तो शिडीवर चढला होता तो बघता, तो माणूस प्रत्यक्ष तिथे असता तर मी कसलीच खात्री दिली नसती. शिडी मीच धरली होती.

फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. ध्रुवनौका मालिकेतील सर्वांचा लाडका यंत्रमानव सातवो, कै. हरिश्चंद्र मोंडकर. घाबरू नका, मी आहे ना!' खाली रविवारी सकाळी अकरा वाजता मालवणात शोकसभा असल्याचं कळवलं होतं. आणि मधोमध हा एवढा मोठा फोटो. फोटोतला माणूस हरिश्चंद्र नव्हताच. त्याच मालिकेत नौकेचा कप्तान झालेला, कुरळ्या केसांचा तो गोरा नट होता, आणि मुख्य म्हणजे तो जिवंत होता.

समोर मासे विकायला बसलेली गोदूबाई पाटी तशीच टाकून उठून आली होती. गोदूबाई म्हणजे हरिश्चंद्रची सख्खी धाकटी बहीण. मालवणहून टेम्पोने येते, बाजाराच्या दिवशी फॉस्टिनच्या दुकानासमोर बसते. तिने फ्लेक्सकडे बघितलं आणि फॉस्टिनला विचारलं, "फॉस्टिना, माझ्या भावाच्या नावावर ह्यो खयचो मेलो?"

एवढंच विचारलं. फॉस्टिन आत गेला आणि कोयता घेऊन बाहेर आला.

मी गुरुदास. फॉस्टिनच्या दुकानाला लागून माझं वह्यापुस्तकांचं दुकान आहे. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे गेली पस्तीस वर्षं त्याच्या शिव्या मला फुकट ऐकायला मिळतात. माणूस बासष्ट वर्षांचा, अंगाने काटकुळा, राग मात्र तिघांना पुरून उरेल इतका. धंदा टीव्ही दुरुस्तीचा. आता कोण टीव्ही दुरुस्त करतं? बिघडला की लोक नवा आणतात. तरी हा रोज दुकान उघडतो आणि दिवसभर कुणावर तरी चिडतो. फादरवर, वीज मंडळावर, गणपतीत कर्णे लावणाऱ्यांवर, फेस्ताला फटाके लावणाऱ्यांवर. रागात त्याने कधी जातपात केली नाही.

त्याचा सगळ्यात जुना राग दोन जणांवर. एक, ज्या वाहिनीने ध्रुवनौका दाखवली तिच्यावर. दुसरा, बांद्याला राहणाऱ्या मेहुण्यावर, म्हणजे बायको एलिनाच्या भावावर, डॅनियलवर. डॅनियलने फॉस्टिनच्या रोसाची कॅसेट हरवली होती. रोस म्हणजे ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याला नारळाच्या रसाने माखतात तो सोहळा. ते चित्रीकरण डॅनियलच्या ताब्यात दिलं आणि ते गेलं ते गेलंच. "तुझ्याच दुकानात ठेवलंय," असं डॅनियल सांगत राहिला आणि फॉस्टिन त्याला चोर म्हणत राहिला. एकतीस वर्षं बोलणं बंद. एलिना भावाकडे एकटीच जायची आणि एकटीच यायची.

वाहिनीवरचा राग समजून घ्यायचा तर त्र्याण्णव सालात जावं लागेल. ध्रुवनौका रविवारी सकाळी साडेनऊला लागायची. अंतराळात भरकटलेली एक नौका, तिच्यावर सात यंत्रमानव. पहिले सहा पुस्तकी मराठी बोलायचे आणि मोडायचे. सातवा होता तो शेवटपर्यंत टिकला, आणि तो मालवणी बोलायचा. पत्र्याचा अंगरखा, डोक्यावर घागरीएवढं शिरस्त्राण, आणि आतून आवाज यायचा, "घाबरू नुको, मी आसंय मा." नौकेला आग लागली तरी हे, उल्का आदळली तरी हे. पुण्यातली पोरंसुद्धा शाळेत पडली-धडपडली की हेच म्हणायची. आणि फ्लेक्सवाल्यांनी त्याचं काय केलं? 'घाबरू नका, मी आहे ना.' मेलेल्या माणसाची भाषासुद्धा धुऊन, इस्त्री करून टांगली. मला राग आला तो इथे आला. फोटो चुकू शकतो. पण हे वाक्य ज्याच्या कानात नाही, तो कसला चाहता?

तर साडेनऊला मालिका, आणि चर्चमध्ये मिसा नऊची. फॉस्टिनने फादरना वेळ बदलायला सांगून बघितलं. फादरनी त्याला देवाच्या दहा आज्ञा ऐकवल्या. मग याने व्हीसीआरला घड्याळ जोडलं. हा मिसेला गेला तरी दुकानात मालिका आपोआप रेकॉर्ड व्हायची. मिसा सुटली की अख्खी वाडी चर्चमधून तडक दुकानात. आम्ही घरी एकदा बघितलेले लोकही पुन्हा यायचो. अशा नऊ कॅसेटी झाल्या.

त्या गर्दीत कधीकधी मागच्या स्टुलावर एक सडपातळ, सावळा माणूस येऊन बसायचा. मुंबईला गोदीत कारकून, सुट्टीत गावी आलेला. तोच हरिश्चंद्र. मूळचा दशावतारी. नाटकात तो संकासूर व्हायचा, तोंडावर काळा बुरखा घेऊन, मालवणीत लोकांना हसवून हसवून बेजार करायचा. बुरख्यात रात्र काढायची सवय, म्हणून पत्र्यात आठ-आठ तास टिकला. मालिकेच्या श्रेयनामावलीत मात्र त्याचं नाव नसायचं. 'सातवो : स्वतः' असं यायचं. वाहिनीची कल्पना. कोण आत आहे ते शेवटच्या भागापर्यंत गुपित.

आम्हा दोघा-तिघांना ठाऊक होतं. फॉस्टिन एकदा म्हणाला, "सांगूया रे लोकांका. हयसर बसलेलो आसस आणि कोण वळखणा नाय, माका बघवना नाय."

हरिश्चंद्र हसला. "नुको. माझा तोंड बघल्यार पोरांचो सातवो मरतलो. शेवटच्या भागात काढतलंय मी शिरस्त्राण. तोपर्यंत कळ काढ. आणि नाव तर कधीच फोडू नुको."

आणि त्याने काढलं. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी मी ते बघितलं आहे. नौका पृथ्वीवर उतरते, सातवो शिरस्त्राण काढतो, आत घामेजलेला, मिशा कोरलेला आपला हरिश्चंद्र. कॅमेऱ्यात बघतो आणि तेच वाक्य म्हणतो. फार तर दहा सेकंद, आणि नाव तेव्हाही नाही. फॉस्टिन दुकानात ढसाढसा रडला होता.

मग वाहिनीने टेप पुसल्या. नव्या टेप महाग, म्हणून जुन्यांवर कसल्याशा पाककृतींचा कार्यक्रम रेकॉर्ड केला. मालिका पुन्हा कधी दाखवलीच नाही, कारण दाखवायला काही शिल्लकच नव्हतं. हे फॉस्टिनला एका पत्रोत्तरातून कळलं. ते पत्र त्याने चौकट करून दुकानात लावलं आहे, रोज सकाळी शिवी द्यायला सोपं जावं म्हणून. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या स्वतःच्या आठ कॅसेटींना बुरशी खाऊन गेली. नववी वाचली. तिच्यात फक्त शेवटचा भाग होता. ती त्याने तांदूळ भरलेल्या बिस्किटांच्या डब्यात घातली, वर कागद चिकटवला, 'शेवटचो भाग. हात लावूचो नाय'. स्वतःही लावला नाही. लावून लावून झिजेल, म्हणायचा.

हरिश्चंद्रला नंतर कुणी काम दिलं नाही. तो गोदीतून निवृत्त झाला, मुंबईच्या खोलीत एकटा राहिला, आणि गेल्या मंगळवारी इस्पितळातच वारला. गोदूबाईला फोन आला तेव्हा ती सौंदाळे तोलत होती. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. भावाचं तोंडही बघायला मिळालं नाही.

चाहत्यांचा एक व्हॉट्सअॅप गट आहे, चार-पाचशे जणांचा. फॉस्टिनच्या मुलीने त्याला त्यात घातलं होतं आणि त्याने तिथे प्रत्येकाशी भांडून घेतलं होतं. पण दिलेला शब्द पाळला, नाव कधी फोडलं नाही. मंगळवारी मात्र त्याने लिहिलं, 'सातवो गेलो. त्याचा नाव हरिश्चंद्र मोंडकर, मालवण.' तासाभरात हजारभर मेणबत्त्या, हात जोडलेले, रडकी तोंडं. कुणी विचारलं नाही की हा हरिश्चंद्र दिसायचा कसा, राहायचा कुठे, घरी कोण आहे. दहा सेकंद बघितलेलं तोंड तीस वर्षांनी कुणाला आठवत नव्हतं, म्हणून कुणीतरी ध्रुवनौकेतला एक फोटो शोधून टाकला आणि बाकीच्यांनी तो पुढे ढकलला. दोन दिवसांत फ्लेक्स. असताना विचारायचं नाही आणि गेल्यावर गळा काढायचा, तोही दुसऱ्याच्याच फोटोसमोर!

फ्लेक्स कापल्याचं कळताच गटाचा प्रमुख प्रितेश गाडी घेऊन कट्ट्याला आला. चाळिशीचा, मूळ इकडचाच, पुण्यात वाढलेला. वाईट माणूस नव्हे. डोळे सुजलेले होते, खरंच रडला असावा. पण बोलला ते ऐका.

"काका, चूक झाली, फोटो बदलू. पण बदलून कुणाचा लावू? मला वेंगुर्ल्याहून एका कुटुंबाचा फोन आलाय, कुडाळहून दुसऱ्याचा. दोघंही म्हणतात की पत्र्यात आमचाच माणूस होता. तुमच्याकडे पुरावा काय?"

गोदूबाईने कमरेच्या पिशवीतून हरिश्चंद्रच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढली. प्रितेशने ती दोन्ही हातांनी घेतली, बघितली आणि परत दिली.

"आजी, हे हरिश्चंद्र आहेत हे कळतं यावरून. ते सातवो होते हे कसं कळणार?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. गोदूबाई झेरॉक्सची घडी घालत राहिली. तिच्या बोटांना माशांचा वास होता आणि कागदाला लागू नये म्हणून ती टोकांनीच धरत होती. ते बघून माझ्याच कानशिलात रक्त चढलं, फॉस्टिनचं काय सांगू.

"पुरावो?" तो ओरडला. "पुरावो माझ्याकडे आसा! वाहिनीन पुसल्यान, मी नाय पुसूक. शेवटचो भाग आसा माझ्याकडे, रविवारी घेवन येतंय. सगळ्यांका बसवन दाखयतंय. मगे माझ्या पायार नाक घासा."

प्रितेशचा चेहराच बदलला. शेवटचा भाग जगात कुठे उरला आहे हे त्याला माहीत नव्हतं. गोदूबाईने फॉस्टिनचा दंड धरला.

"खरा सांगतस? त्या दिवशी आमची रापण होती रे, जाळा ओढूक मी वाळयेर होतंय. घरात टीव्ही नाय. माका तेचा तोंड ना टीव्हीर बघूक मेळाला, ना आता मेल्यार. एकदा दाखय माका. दुसरा काय नुको."

"दाखयतंय," फॉस्टिन म्हणाला.

शनिवारी दुपारी त्याने जुना व्हीसीआर खोलला. रबरी पट्टा बदलला, स्पिरिट लावलेल्या कागदाने हेड पुसलं. मी आणि एलिना शेजारी बसून होतो. मग डबा उघडला, तांदूळ झटकले, कॅसेट घातली. पडद्यावर मुंग्या आल्या, चित्र हललं, स्थिर झालं.

फॉस्टिनचं अंगण होतं. मांडव होता. बायका गात होत्या. मधे स्टुलावर जुनी बनियन घालून बसलेला तिशीतला फॉस्टिन, आणि त्याची आवय, म्हणजे आई, त्याच्या कपाळावर नारळाच्या रसाने क्रूस काढत होती.

तो रोस होता. एकतीस वर्षं हरवलेला.

मग फॉस्टिनला आठवत गेलं आणि तो मोठ्याने सांगत गेला, दुसऱ्याच कुणाचा गुन्हा सांगावा तसा. कोरी कॅसेट नेहमी रांगेत शेवटी ठेवायची, ही त्याची पद्धत. शेवटचा भाग त्याने त्या कोऱ्या कॅसेटवर घेतला आणि लेबल न लावता परत जागेवर ठेवली. जानेवारीत रोसाच्या वेळी कॅमेरावाल्याची कॅसेट अडकली. हा स्टुलावर बसलेला, उठायची सोय नाही. यानेच डॅनियलला ओरडून सांगितलं, रांगेतली शेवटची कोरी आसता, ती हाड. डॅनियलने आणली. काम झाल्यावर जिथून घेतली तिथेच नेऊन ठेवली, शहाण्या माणसासारखी. फॉस्टिनने नंतर सगळं दुकान उलथंपालथं केलं, ही एक कॅसेट सोडून. कारण ही तर शेवटचा भाग होती.

"मीच पुसलंय," तो म्हणाला. "मीच तेका पुसलंय."

मग त्याने व्हीसीआरची वायर भिंतीतून उपटली, भिंतीवरचं ते चौकटीतलं पत्र काढून जमिनीवर आपटलं आणि काचांवरून तसाच बाहेर गेला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. या माणसाने ते चौकट करून लावलं होतं, आणि स्वतःचं मुसळ तांदळात जपलं होतं. मी हसलो नाही. मला त्याचाही राग आला आणि त्याची दयाही आली.

तो परत आला तेव्हा एलिना काचा वेचत होती. वर न बघता म्हणाली, "एकतीस वर्सां माझ्या भावाक चोर म्हटलंस."

"उद्या मी जाणंय नाय," तो म्हणाला.

"जातलंस. गोदूबायक तोंड दाखयतंय म्हणान सांगितलंस मा? तेचा नाय जमला तर आपला तरी दाखय."

रविवारी मालवणच्या त्या सभागृहात दीडशे-दोनशे लोक होते. पुण्याचे, कोल्हापूरचे, गोव्याचे. निम्म्यांनी पुठ्ठ्याची, चंदेरी कागद लावलेली शिरस्त्राणं घातली होती. श्रद्धांजली म्हणून. मंचावर या वेळी फोटोऐवजी रिकामी चौकट आणि हार. गोदूबाई पहिल्या रांगेत, धुतलेल्या नऊवारीत, हात मांडीवर. एलिनाने फोन केला होता म्हणून डॅनियल बांद्याहून येऊन मागच्या दाराशी उभा होता. फॉस्टिनने त्याला बघितलं, दोघांनीही मान वळवली.

प्रितेशने जाहीर केलं, "मित्रांनो, जो भाग नष्ट झाला असं आपण समजत होतो, तो आज..." टाळ्या सुरू झाल्या. फॉस्टिनने त्याच्या हातातून माइक ओढून घेतला.

"टाळ्यो बंद करा. माझ्याकडे तो भाग नाय. मी तेच्यार माझो रोस भरलंय. वाहिनीक तीस वर्सां शिव्या दिलंय, आणि केलंय ताच. तो दाराकडे उभो आसा तो माझो मेवणो डॅनियल. तेका मी चोर म्हटलंय. तो चोर नाय. चोर मी." मग तो गोदूबाईकडे वळला. "गोदूबाय, तुका दिलेलो शब्द मोडलंय. काय शिव्या घालूच्यो ता घाल."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पुरावा नाहीच." शिरस्त्राणाच्या आतून, घुमत आलेला तो आवाज अजून माझ्या डोक्यात जातो.

गोदूबाई मात्र विचारात पडली होती. "तुझो रोस?" ती म्हणाली. "जानेवारीत? तेका हरी इल्लो मा. माझ्याकडसून सुंगटा घेवन गेल्लो तुमच्याकडे."

फॉस्टिनने पिशवीतली कॅसेट बाहेर काढली.

"लाव ती," ती म्हणाली. "जा काय आसा ता लाव."

व्हीसीआर प्रोजेक्टरला जोडला आणि भिंतीवर फॉस्टिनचं अंगण उजळलं. बायका गात होत्या. आवय झाली, काका झाले, शेजारी झाले, एकेक जण रस लावून बाजूला होत होता. चाहते अवघडून बसले होते. मग गर्दीतून एक सडपातळ, सावळा माणूस पुढे आला, मिशा कोरलेला, हातात रसाने भरलेलं भांडं. त्याने भांडं फॉस्टिनच्या डोक्यावर धरलं. स्टुलावरचा फॉस्टिन थंडीने कुडकुडत वर बघत होता. त्या माणसाने मान यंत्रासारखी खटखट फिरवली, कॅमेऱ्यात बघितलं, आणि छातीतून, पत्र्यातून यावा तसा आवाज काढला.

"फॉस्टिना, घाबरू नुको. मी आसंय मा."

आणि भांडं उपडं केलं.

तो आवाज कुणालाही ओळखू आला असता. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या घरात टीव्ही होता त्या प्रत्येकाला. भिंतीवर हरिश्चंद्र खो खो हसत होता, रस त्याच्याही तोंडावर उडाला होता आणि तो बाहीने पुसत होता. प्रितेश मंचावरच खाली बसला. वेंगुर्ल्याचं आणि कुडाळचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

लोक रडायला लागले. शिरस्त्राणांच्या आतून हुंदके येत होते, पुठ्ठ्यात घुमत होते.

गोदूबाई उठली. आधी भिंतीकडे गेली, चित्राच्या इतकी जवळ की हरिश्चंद्रचा हात तिच्या पदरावर पडला. थोडा वेळ बघत राहिली. मग वळली. तिचा एवढा चढलेला आवाज मी बाजारातही ऐकला नव्हता.

"काढा ती डबडी! माझ्या भावान सगळो जल्म तोंड लपवल्यान. संकासूर झालो, बुरखो घेतल्यान. सातवो झालो, पत्रो घेतल्यान. तुमका हसवूक. तेच्या दुखवट्याक इलास आणि तुमीच तोंडा झाकून बसलास? काढा! तेणा दाखवल्यान तेचा. आता तुमचा दाखवा तेका."

पहिल्यांदा प्रितेशने काढलं. मग रांगेरांगेने पुठ्ठे खाली आले. आतून टक्कल पडलेली, पिकलेली, चष्मे वाफाळलेली, नाक वाहणारी माणसं निघाली, चाळीस-पन्नास वर्षांची. ती भिंतीकडे बघत राहिली.

फॉस्टिनने कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. डॅनियल दारातून पुढे येऊन त्याच्या बाजूला उभा राहिला.